दोन सिनेमे, चार वाइन्स

ग्लास नाकाशी नेला आणि मला कळलं, बाटली खराब आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास. पावसाळाभर बंद राहिलेलं गोडाउन उघडल्यावर येतो तसा. आमच्या कामात अशा वाइनला ‘कॉर्क्ड’ म्हणतात. बुचातल्या बुरशीमुळे वाइनला हा वास लागतो. प्यायल्याने अपाय काही होत नाही, पण एक घोटही घशाखाली जात नाही. असं अधूनमधून होतं. सॉरी म्हणायचं, बाटली बाजूला ठेवायची, दुसरी उघडायची. खरं तर दुसऱ्यांच्या ग्लासात ओतण्याआधी मीच वास घेऊन बघायला हवा होता. बोलण्याच्या नादात ते राहून गेलं.

मी सॉरी म्हणणार तेवढ्यात समोर बसलेल्या शालिनीकाकूंनी आपला ग्लास उचलला. मी दाखवलं होतं तसा गोल फिरवला, नाकाशी धरला, डोळे मिटले.

"अगबाई, ही किती छान," त्या म्हणाल्या. "फुलांचा वास आहे ना? हीच घेऊ या."

मी सॉरी म्हटलं नाही.

मी सोमेलिए आहे. म्हणजे कुठल्या जेवणाबरोबर, कुठल्या प्रसंगाला कोणती वाइन चांगली लागेल हे सांगून पगार घेणारी बाई. मूळची अकोल्याची. पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. लग्नानंतर अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडला आले. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, त्या रिकाम्या वर्षांत वाइनचे कोर्स केले, परीक्षा दिल्या. वर्क परमिट आल्यावर सगळ्यांना वाटलं मी परत टेस्टिंगला जाणार. मी वुडिनव्हिलच्या एका टेस्टिंग रूममध्ये कामाला लागले. रेडमंडपासून पंधरा-वीस मिनिटांचा ड्राइव्ह. टेस्टिंग रूम म्हणजे वाइनचं असं दुकान, जिथे आधी बसून चव घेता येते. आई अजूनही नातेवाइकांना मी ‘फूड इंडस्ट्रीत’ आहे असं सांगते. मला विचाराल तर काम तेच आहे. तेव्हाही चूक शोधायचे, आताही शोधते.

डॉक्टर देवस्थळी ऑक्टोबरच्या शेवटी आमच्याकडे आले. आमची ओळख मराठी मंडळातली, म्हणून ते माझे काका आणि शालिनीकाकू त्यांच्या पत्नी. काका अठ्ठ्याहत्तरचे. नाक-कान-घशाचे सर्जन. जवळजवळ चाळीस वर्षं मिशिगनमध्ये, ट्रॉयला प्रॅक्टिस केली. रिटायर झाल्यावर मुलाजवळ राहायचं म्हणून दोघं इकडे आले. त्यांना लग्नाचा वाढदिवस करायचा होता. आमच्या मागच्या हॉलमध्ये, जिथे वाइनची पिंपं रचलेली असतात, तिथे मोठा पडदा लावून दोन जुने सिनेमे दाखवायचे. शनिवारी दुपारी दोन वाजता सुरुवात. तीस पाहुणे. आणि प्रत्येक सिनेमाला शोभेल अशी वाइन.

कितवा वाढदिवस, मी विचारलं. बावन्नावा, ते म्हणाले. मी हसून विचारलं की पन्नासावा सोडून बावन्नावा कसा? तो राहून गेला, एवढंच म्हणाले.

सिनेमांची नावं सांगत नाही. पहिला अमेरिकन, ब्लॅक अँड व्हाइट, विनोदी. माणसं इतकी भराभर बोलतात की श्वास कधी घेतात कळत नाही. अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात दोघांनी तो तीन वेळा पाहिला होता, कारण अपार्टमेंटपेक्षा थिएटरमधलं हीटिंग चांगलं होतं. इंग्रजी निम्मं कळलं नाही, पण ऊब पूर्ण मिळाली, असं काकू म्हणायच्या. दुसरा जुना मराठी सिनेमा. तीन बहिणी, एक खाष्ट आत्या आणि भरपूर रडणं.

सिनेमाला वाइन लावणं हे जेवणाला वाइन लावण्यापेक्षा वेगळं काम आहे. लोक येऊन सांगतात, पॅरिसची गोष्ट आहे तर फ्रेंच वाइन द्या. मी नाही म्हणते. वाइन गोष्टीला लावायची नाही, वेगाला लावायची. भराभर बोलणाऱ्या सिनेमाला जड रेड दिली तर अर्ध्या तासात माणसं पेंगतात. शिवाय अंधार असतो. वाइनचा रंग दिसत नाही. डोळे पडद्यावर असतात, त्यामुळे ग्लास हातात राहून कोमट होतो. म्हणून थोडं थोडं ओतायचं, आणि कोमट झाली तरी बिघडणार नाही अशी वाइन निवडायची. हे सगळं मी काकांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तू सांगशील तसं, असं ते म्हणाले होते.

पहिल्या यादीत मी चारही वाइन्स वासाच्या निवडल्या होत्या. अंधारात डोळ्यांना काम नसतं, मग नाकाला द्यावं, असा माझा हिशोब. ती खराब बाटली निघाली त्या दिवशी ट्रायल टेस्टिंग होतं, म्हणजे पक्कं करण्याआधी चव बघणं. काका हॉलमध्ये पडद्याची जागा बघायला गेले होते. टेबलावर आम्ही दोघीच होतो.

आता मला आठवायला लागलं. पहिल्या वाइनला मी म्हटलं होतं, हिला लीचीचा वास येईल. काकू म्हणाल्या, हो, लीची. दुसरीला मी म्हटलं, पीच. त्या म्हणाल्या, पीच. तिसरीला मी आधीच सांगून ठेवलं होतं की फुलांचा वास येईल. माझेच शब्द मला परत मिळत होते.

मी त्याच वाइनची दुसरी बाटली उघडली. या वेळी आधी वास घेतला. चांगली होती. दुसऱ्या ग्लासात ओतून दोन्ही ग्लास काकूंसमोर ठेवले आणि विचारलं, यातली कुठली आवडते?

काकूंनी दोन्हींचा वास घेतला. मग ग्लासांकडे न बघता त्या माझ्या चेहऱ्याकडे बघू लागल्या.

"फरक काय आहे ते तूच सांग," त्या म्हणाल्या.

"एक खराब आहे, काकू."

"कुठली?"

मी डावीकडचा ग्लास उचलून बाजूला ठेवला. काकूंनी एकदा हॉलच्या दाराकडे बघितलं. काका यायचे होते. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं. जानेवारीत मोठी सर्दी झाली. आठवड्यात बरी झाली, पण वास गेला तो गेला. आधी वाटलं येईल. मार्च गेला, उन्हाळा गेला. आता कशाचाच येत नाही. फोडणीचा नाही, उदबत्तीचा नाही, नातवाच्या डोक्याला लावलेल्या तेलाचा नाही. स्वयंपाक मापाने करतात. फोडणी आवाजावरून कळते. मीठ-तिखट जिभेला समजतं, बाकी सगळं अंदाजाने. लोक अजून तारीफ करतात, आणि ती ऐकून त्यांना आणखी वाईट वाटतं.

काकांना का नाही सांगितलं, मी विचारलं.

"चाळीस वर्षं लोकांची नाकं तपासली त्यांनी," काकू म्हणाल्या. "आता रिटायर झालेत. सांगितलं तर उद्यापासून मी बायको नाही, केस. आणि दहा महिने आपल्याच घरात आपल्याला कळलं नाही, हे त्यांच्या मनाला किती लागेल, तुला माहीत नाही."

त्यांनी मला कोणाला सांगायचं नाही असं बजावलं. मी शब्द दिला. काका परत आले तेव्हा आम्ही चकल्यांबद्दल बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी मी चारही वाइन्स बदलल्या. आमचा मॅनेजर टॉड. त्याला हे आवडलं नाही.

"क्लायंटने ओके केलंय," तो म्हणाला. "मग बदल कशाला?"

"एका गेस्टसाठी."

"ॲलर्जी?"

"तसंच समज."

"एका गेस्टसाठी तीस जणांची वाइन बदलायची?"

"तीस जणांनाही आवडेल. नाही आवडली तर पुढचा मूव्ही शो तू कर."

टॉडला सिनेमे आवडत नाहीत. त्याने सही केली.

मी हे ठासून बोलले कारण मला खात्री होती. वाइनची चव म्हणून आपण जे सांगतो, त्यातलं बरंचसं नाकाचं काम असतं. लीची, पीच, फुलं, सगळं नाक. पण नाक वगळलं तरी तोंडाला खूप काही कळतं. आंबट, गोड, कडू कळतं. गार कळतं. दाट-पातळ कळतं. बुडबुडे टोचतात ते कळतं. आणि रेड वाइनमधलं टॅनिन कळतं. जांभूळ खाल्ल्यावर जीभ खरखरीत होते, गाल आतून ओढले जातात, ते टॅनिन. तो वास नव्हे आणि खरं तर चवही नव्हे, तो स्पर्श आहे.

म्हणून पहिल्या सिनेमाच्या सुरुवातीला बुडबुड्यांची, अगदी कोरडी आणि गार वाइन. कोरडी म्हणजे जिच्यात गोडी नाही. पडद्यावर माणसं तडतड बोलतात, तोंडात बुडबुडे तडतडतात. उत्तरार्धात रीसलिंग नावाची व्हाइट. आमच्या वॉशिंग्टन राज्यात ती फार चांगली होते. थोडी आंबट, थोडी गोड, चिंचगुळाच्या आमटीसारखी. पॉपकॉर्नऐवजी काकू चिवडा करणार होत्या. तिखट चिवड्याला ही गोडी बरोबर सांभाळून घेते. मराठी सिनेमाला भरपूर टॅनिनची रेड, कारण त्यात आत्याबाई आहेत. आणि शेवटी सगळे रडायला लागले की आइस वाइन. द्राक्षं वेलीवरच गोठू देतात आणि मग रस काढतात, त्यामुळे ती मधासारखी दाट आणि गोड होते. लहान ग्लासात, दोनच घोट. चारही वाइन्स नाक बंद करून एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येतात. मी स्वतः नाकाला चिमटा लावून बघितलं.

काम झालं असं मला वाटलं. बुधवारी काका प्रोजेक्टर तपासायला आले.

दोन्ही सिनेमे चालतात ते बघितलं, आवाज बघितला, मधली सुट्टी किती हे ठरलं. काका निघेनात. खुर्च्या मोजत राहिले. मग एका खुर्चीवर बसले आणि म्हणाले, त्या दिवशी तू विचारलंस ना, बावन्नावाच का.

त्यांनी जे सांगितलं ते असं. उन्हाळ्यापासून घरात दूध तीन वेळा उतू गेलं. एकदा वरण तळाशी लागून पातेलं काळं झालं. काकू तिथेच होत्या, पाच फुटांवर पोळ्या लाटत होत्या. घरभर करपट वास आणि त्या लाटतायत. गॅस बंद काकांनी केला. मग एकदा फ्रीजमधली आंबलेली डाळ त्यांनी तशीच गरम करून वाढली.

"शालूला विसरायला व्हायला लागलंय," काका म्हणाले. "मी डॉक्टर आहे. पुढे काय होतं ते मला माहीत आहे."

मी विचारलं, काही टेस्ट केली का? नाही, म्हणाले. टेस्ट केली की उत्तर येतं. ते यायच्या आधी त्यांना हे दोन सिनेमे तिच्याबरोबर बघायचे होते. तिला ते पाठ होते. पूर्वी मिशिगनमध्ये मंडळवाले शाळेच्या कॅफेटेरियात रीळ आणून मराठी सिनेमे दाखवायचे. एकदा प्रोजेक्टरचा बल्ब गेला, तर काकूंनी उरलेला अर्धा सिनेमा तोंडी सांगितला होता, प्रत्येकाच्या आवाजात. आता काकांना बघायचं होतं, त्यातलं किती उरलंय. आणि बघायची भीतीही वाटत होती.

"पाहुण्यांसमोर तिला काही आठवलं नाही, तर तू पटकन विषय बदल," ते म्हणाले. "वाइनबद्दल काहीही बोल. एवढं माझ्यासाठी कर. आणि तिला यातलं काही कळता कामा नये."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामात एक गोष्ट नेहमी व्हायची. दोन वेगवेगळे युझर्स दोन वेगवेगळ्या तक्रारी पाठवायचे. खोलात गेलं की बग एकच निघायचा. इथे तेच झालं होतं. काकूंनी मला सांगितलेलं आणि काकांनी मला सांगितलेलं, एकच होतं. फक्त दोघांनी मला वेगवेगळं गप्प बसवलं होतं.

त्या दिवशी घरी जाताना बराच पाऊस होता आणि ट्रॅफिक अडकलं होतं. विचार करायला पाऊण तास मिळाला. कोणाचा शब्द मोडायचा? काकूंचा मोडला तर काकांना सुटल्यासारखं वाटेल, पण काकूंना वाटेल मी त्यांना उघडं पाडलं. काकांचा मोडला तर बोलायचं की नाही हे काकूंच्या हातात राहील. शिवाय मी डॉक्टर नाही. काकूंना खरंच विसरायला होत नाही, हे मी कशावरून सांगणार? पण दूध का उतू जातं, एवढं मला नक्की माहीत होतं. गाडी पार्क करेपर्यंत माझं ठरलं.

गुरुवारी सकाळी रीसलिंगची बाटली घेऊन मी काकूंकडे गेले. निमित्त चिवड्याचं. चिवड्याबरोबर ती कशी लागते ते बघायचंय म्हटलं, आणि ते खोटंही नव्हतं. काका स्विमिंगला गेले होते. काकू मोठ्या कढईत पोहे भाजत होत्या. शेगडी गॅसची. गॅस सुटला असता तर या बाईंना काय कळणार होतं?

मी विचारलं, दूध उतू जातं तेव्हा काका काय म्हणतात?

"काही नाही. गुपचूप शेगडी पुसतात," काकू म्हणाल्या. "पूर्वी केवढं बोलायचे."

"आता का बोलत नाहीत?"

काकूंचा झारा थांबला.

मी सांगून टाकलं. काकांना वाटतंय तुम्हाला विसरायला व्हायला लागलंय. हा सगळा घाट त्यासाठीच आहे. त्यांनी मला सांगू नको म्हटलं होतं. मी शब्द मोडतेय.

काकूंनी गॅस बंद केला. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता मला जायला सांगतील.

"म्हणून रोज सकाळी विचारतात मला," त्या म्हणाल्या. "काल रात्री आपण काय जेवलो, शालू? मी सांगते. मला वाटायचं, हेच विसरायला लागले. त्यांना लागू नये म्हणून मी काही बोलत नव्हते."

यावर मला हसू आलं असतं, पण काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, आजच सांगून टाका. त्या म्हणाल्या, कधी सांगायचं ते मी बघते. मग त्यांनी कढई पुन्हा गॅसवर ठेवली आणि मला चिवडा वाढला. रीसलिंगबरोबर तो उत्तम लागला.

शनिवारी दोन वाजता तीस माणसं आली. बहुतेक मंडळातली, काही काकांच्या मुलाच्या ऑफिसमधली. काकू मोरपंखी साडीत होत्या. त्यांनी काकांना सांगितलंय की नाही हे मला कळायला मार्ग नव्हता. दोघंही माझ्याशी नेहमीसारखेच बोलले.

पहिला सिनेमा सुरू झाला. मी काळोखात हलक्या पावलांनी ओतत फिरत होते. लोक हसत होते. ऑफिसमधली पोरं, ज्यांनी असला सिनेमा आयुष्यात पाहिला नसेल, तीही हसत होती. काकूही हसत होत्या. बुडबुड्यांची वाइन त्यांनी पहिला घोट घेऊन थोडा वेळ तोंडात धरली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. काका पडद्याकडे बघतच नव्हते. ते काकूंकडे बघत होते. प्रत्येक विनोदाला त्या वेळेवर हसतात का, ते तपासत होते. काकूंनी अजून काही सांगितलेलं नाही, हे मला तेव्हा कळलं.

मधल्या सुट्टीत जेवण होतं. सगळे गरम कोथिंबीर वड्यांभोवती जमले. काका आणि काकू आपल्या जागेवरच होते. मी रेड वाइन घेऊन त्यांच्याकडे गेले. ग्लासात ओतली. काकांनी वास घेतला आणि अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, "शालू, बघ बरं. हा वास कशासारखा आहे, आठवतंय?"

मला सांगितलेलं काम माझ्या लक्षात होतं. विषय बदलायचा. मी बदलला नाही.

काकूंनी ग्लास टेबलावर ठेवला.

"अहो, मला वास येत नाही," त्या म्हणाल्या. "जानेवारीत सर्दी झाली तेव्हापासून. कशाचाच येत नाही. दूध म्हणून उतू जातं. वरण म्हणून करपलं."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग एकदम त्यांचा आवाज बदलला. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. ट्रॉयच्या क्लिनिकमधला असणार.

"कॉफीचा?"

"नाही."

"निलगिरी लावून बघितलीस?"

"नाकात गार लागतं. वास नाही."

"दोन्ही बाजूंनी?"

"अहो, मी पेशंट नाही तुमची."

"पेशंट असतीस तर दोन मिनिटांत कळलं असतं गं," काका म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला. परत पुसला.

काकूंनी त्यांच्या हातातून चष्मा घेऊन त्यांना लावला. "काल रात्री आपण मुगाची खिचडी खाल्ली," त्या म्हणाल्या. "परवा थालीपीठ. त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, पोट बरं नव्हतं. आता उद्यापासून विचारू नका."

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. मी बाटली घेऊन दुसऱ्या टेबलाकडे गेले.

दुसऱ्या सिनेमाला मी मागच्या भिंतीशी उभी होते. आत्याबाई पडद्यावर आल्या आणि काकू त्यांचं वाक्य त्यांच्या आधी बोलल्या. मग पुढचं. मग तिन्ही बहिणींची. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी दोनदा मागे वळून बघितलं. काकूंनी आवाज कमी केला, पण थांबल्या नाहीत. त्यांनी रेडचा घोट घेतला आणि काकांना काहीतरी म्हणाल्या. नंतर मला कळलं, त्या म्हणाल्या होत्या, ही मला कळते, जांभळासारखी ओढते. काकांनी शेवटपर्यंत त्यांचा हात सोडला नाही. मी आइस वाइन ओतायला गेले तेव्हा काकांना ग्लास डाव्या हाताने धरावा लागला.

सात वाजता सगळे घरी गेले. टॉडने रिकाम्या बाटल्या बघितल्या आणि म्हणाला, आपल्याला आणखी रीसलिंग मागवावी लागेल.

पुढचं थोडक्यात. काकांनी सोमवारी गॅसचा अलार्म बसवून घेतला. आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे काकूंना तपासायला नेलं. स्वतः तपासलं नाही, ही काकूंची अट होती. काकूंच्या हट्टामुळे स्मरणशक्तीची टेस्ट दोघांनी केली. दोघंही पास. काकूंना काकांपेक्षा दोन मार्क जास्त पडले, हे मला मंडळातल्या निदान चार जणांनी सांगितलं. वासाच्या नसा त्या सर्दीत दुखावल्या होत्या. औषध असं काही नाही. रोज दोन वेळा चार छोट्या बाटल्या हुंगायच्या: लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. नाकाला पुन्हा शिकवायचं. काका घड्याळ लावून करून घेतात. काकू म्हणतात, शेवटी मी केसच झाले. चार महिन्यांनी त्यांना लवंग किंचित यायला लागली, तीही वेगळीच, जळल्यासारखी. काका म्हणाले, जळल्यासारखी तर जळल्यासारखी.

मार्चमध्ये काका एकटे टेस्टिंग रूममध्ये आले.

"तू मला दिलेला शब्द मोडलास," ते म्हणाले.

"हो, काका."

"काकूंना दिलेला मोडला नाहीस."

"नाही."

"बरोबर माणूस निवडलंस," ते म्हणाले, आणि बुडबुड्यांच्या दोन बाटल्या घेऊन गेले.

मी आमच्या बुकिंग फॉर्मवर एक ओळ वाढवली आहे. ॲलर्जीच्या खाली: अलीकडे वासात किंवा चवीत काही बदल झाला आहे का? टॉड म्हणाला, कोणी भरणार नाही. लोक भरतात. आणि ट्रायल टेस्टिंगला मी आता कुठल्या वाइनला कसला वास येईल ते आधी सांगत नाही. ओतते, आणि समोरचा माणूस काय म्हणतो ते ऐकते.